परत एकदा पाया पड

“परत एकदा कर. फोटो राहिला.”

असं म्हणणारी बाई प्रदर्शनाची आयोजक होती. मी सातवीत होते. आमच्या आश्रमशाळेची सहल पेठहून नाशिकला आली होती, ‘निसर्गाचा खजिना’ नावाचं प्रदर्शन बघायला. मोठा हॉल. काचेच्या पेटीत फुलपाखरं, खाणीतून निघालेले चमकते दगड, पेंढा भरलेला बिबट्या. आणि बिबट्याच्या शेजारी वाघदेव.

आमच्या गावाच्या शिवेवर होता तसाच. लाकडी फळी, तिच्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र आणि सूर्य, शेंदूर लावलेला. दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला, गुराखी त्याला नैवेद्य दाखवतात. त्याच्यासमोरून चपला घालून कुणी जात नाही. हॉलमध्ये आहोत हे माझ्या लक्षातच राहिलं नाही. चपला काढल्या, डोकं टेकवलं.

शहरातल्या शाळेची मुलं हसली. “ए, ती लाकडाच्या पाया पडते बघ!”

बाई मात्र खूश. “किती गोड! पुन्हा कर, हं.”

मी आमच्या गुरुजींकडे पाहिलं. ते म्हणाले, “कर गं. मोठी माणसं सांगतायत.”

मी केलं. कॅमेरावाल्याने माझ्या चपला पायाने बाजूला सारल्या. फोटोत नको होत्या. मग पाहुणे आले, म्हणून तिसऱ्यांदा. “आता जरा इकडे बघ. हसू नको.”

मी हसत नव्हते. रडतही नव्हते. पहिल्यांदा वाकले तेव्हा समोर देव होता. नंतर फळी होती.

त्या वर्षी वाघबारशीला मी घरीच बसून राहिले. बाप म्हणाला, “काय गं, शाळेत गेलीस तं देव लहान झाला का?” पुढेही शिवेवर गेले, पण मान वाकली नाही. राग नव्हता. काहीच नव्हतं.

शिकले. नोकरी लागली. नाशिकला आदिवासी मुलींच्या वसतिगृहाची गृहपाल झाले. काही वर्षांनी तसंच प्रदर्शन भरलं, मुलींना घेऊन गेले. जोड्या लावल्या, बाटल्या भरून घेतल्या, सगळं नीट. आत बिबट्या. शेजारी वाघदेव.

सुरगाण्याची एक मुलगी रांगेतून निघाली. चपला काढल्या. डोकं टेकवलं.

कॅमेरा घेतलेला एक तरुण पुढे आला. “मॅडम, तिला परत एकदा करायला सांगा ना. लाईट नीट नव्हता.”

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी गुरुजींकडे पाहिलं होतं, तसंच.

मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. “नाही.”

“अहो, कौतुकच करतोय आम्ही.”

“ती पाया पडली. झालं. तुमच्यासाठी नव्हतं ते.”

“एवढं काय चिडताय? एक फोटो तर आहे.”

मी चिडले नव्हते. मुलीच्या चपला उचलल्या, तिच्या पायाशी ठेवल्या. “घाल. चल.”

माझं गेलं ते परत आलं नाही. आजही शिवेवर मला फळीच दिसते.

आता कुठल्याही सहलीला निघताना, बसमध्ये चढण्याआधी, मुलींना सूचना देते. जोडी सोडायची नाही. पाणी जवळ ठेवायचं. आणि कुठे पाया पडावंसं वाटलं तर खुशाल पडा. कुणी परत पड म्हणालं, तर पडायचं नाही. कितीही मोठा माणूस असो. मी म्हटलं तरी नाही.