एकही शब्द पडू दिला नाही

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आधी आपली चूक आपल्याला नीट कळू दे, मग बोलू, असं मनाला समजावत आलो. ती अजूनही पुरती कळलेली नाही.

धाड ते बुलढाणा मी काळीपिवळी चालवायचो. बाजाराच्या दिवशी जीपच्या मागच्या फळीवर, टपावर, जागा निघेल तिथं माणूस बसवला, पण स्टँडवर कुणाला सोडून गेलो नाही. उशीर व्हायचा, पण सगळे पोहोचायचे. गुडघे गेल्यावर गाडी विकली आणि गल्लीला इंटरनेट देऊ लागलो. राउटर माझ्या ओसरीत, तिथून घराघरांत वायरी.

बसवून देणाऱ्या मेकॅनिकने सांगितलं होतं, की फोटो असो की आवाज, सगळं बारीक पाकिटांतून जातं. गर्दी झाली की पाकिटं राउटरमध्ये रांगेत थांबतात आणि रांग भरली की पुढची टाकून दिली जातात. हे टाकून देणं मला पटेना. रांगेची लांबी सेटिंगमध्ये होती. ती मी वाढेल तेवढी वाढवली.

समोरच्या शिंप्याच्या मुलीची पुण्याच्या कंपनीत मुलाखत होती, इंटरनेटवरून, फोनवरच. घरी शिलाई मशीनचा खडखडाट, म्हणून ती माझ्या ओसरीत बसली.

"काका, आवाज तुटन काय हो?"

"एक शब्द बी पडू देत नाही, पोरी. बिनघोर बस."

नेमका तेव्हाच गल्लीतल्या फोटोग्राफरने लग्नाचा व्हिडिओ पाठवायला लावला. मुलगी उत्तर द्यायची, पलीकडची माणसं गप्प. मग ते लोक पुढचा प्रश्न विचारायचे आणि मुलीचं आधीचं उत्तर तेव्हा कुठे त्यांच्याकडे पोहोचायचं. दोन्हीकडचे एकदम बोलायचे. शेवटी पलीकडच्या बाई म्हणाल्या, "जरा आमचं ऐकून घेत जा."

तिला घेतलं नाही. मी मेकॅनिकला फोन करून सगळं सांगितलं. तो हसायला लागला.

"रांग काऊन वाढवली काका? पाकीट पडलं की पाठवणाऱ्या मशीनले समजते, गर्दी हाये, मग ते दमानं घेते. तुम्ही पडूच देलं नाही, ते कोंबत राह्यलं. पोरीचा आवाज अख्ख्या वरातीमागं उभा."

"पण बापा, जीपमधी तर सारे पोचत होते."

"उशिरा पोचलेलं उत्तर काय कामाचं?"

त्याच दिवशी रांग कमी केली. पण वाटेत सोडून देण्यात भलं कसं, हे अजून डोक्यात बसत नाही. कधी वाटतं, तिला तसंही घेतलं नसतं. कधी तसं वाटत नाही.

शिंप्याने माझे आभार मानले, जागा दिली म्हणून. मुलगी म्हणाली, "मले बोलताच येत नाही काका. मीच मधी मधी बोलली." त्यानंतर तिने कुठे अर्ज केला नाही. आता ती बापाशेजारी मशीनवर बसते.

मी कितीदा तरी रस्ता ओलांडून गेलो. ती मान वर करते. "काही काम होतं काय काका?"

मी सदऱ्याची गुंडी दाखवतो. ती लावून देते. मी परत येतो.

पोरी, तू कुणाच्या मधी बोलली नाहीस. तू वेळेवरच बोलत होतीस. तुझं बोलणं माझ्या ओसरीत अडकलं होतं, अन् ते अडकवणारा मी. मले माफ कर.