राजाच्या तोंडावर अंगठा

सरकार, पावतीच्या तिकिटावर राजाचं तोंड छापता, आणि वर त्याच तोंडाला शाई फासा म्हणता, हे आम्हाला आधी सांगायला काय झालं होतं?

बायांनो, हा कागद मीच लिहून देवळाच्या भिंतीला लावते आहे. अक्षराला हसू नका. जिला वाचता येतं तिने बाकीच्यांना वाचून दाखवा.

आज सकाळी माझी गाभण म्हैस नेली. साक्रीकडच्या एका आबांकडून मी ती रोखीने घेतली होती. आबांनी पावतीला एक आण्याचं तिकीट लावलं, पण अंगठा त्यावर न घेता बाजूला उठवला. म्हणाले, "राजाना तोंडवर कसा ठेवू अक्का, पाप लागी." मलाही पटलं.

आता आबा वारले. आज त्यांचा पुतण्या दोर घेऊन दारात. "म्हैस मन्हा काकानी शे. पैसा देतांना कोणी देखं?"

मी पावती घेऊन कचेरीत पळाले. कारकून म्हणाला, "बाई, अंगठा तिकिटावर नाही. म्हणजे तिकीट लावलंच नाही असं धरतात, पावती चालत नाही. आबांना आणून नवी पावती करा."

"आबा मेले."

"मग मी काय करू?"

तो तरी काय करणार. घरी आले तर पुतण्या म्हैस सोडून नेत होता. मी वेशीपर्यंत म्हशीमागे चालत गेले आणि परत आले.

पुतण्या तिला शनिवारच्या बाजारात विकणार आहे. तुमच्या घरी कोणी वकील, तलाठी, शहाणा माणूस असेल तर त्याला विचारा, मेलेल्या माणसाचा अंगठा आणायचा कुठून? शुक्रवारपर्यंत मला उत्तर पाहिजे.