भट्टीवर न गेलेली दहा पोरं

सॉफ्टवेअर कंपनीत सीएसआर सांभाळणाऱ्या बाईला रिटायर होताना शाल, नारळ आणि किस्से मिळतात. शाल कपाटात आहे, नारळाची चटणी झाली. किस्से कुठे ठेवायचे ते कळत नाही, म्हणून मैत्रिणी जमल्या की त्यांच्यापुढे ओतते. खरं सांगू? त्या किश्शांतली एक वाडी मला अजून फार आठवते. घरात बसवत नाही कधी कधी.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी मूळची शहापूरजवळच्या सापगावची, एवढ्याच गुणावर साहेबांनी मला हे खातं दिलं. आईला सांगितलं, सीएसआर म्हणजे कंपनीची समाजाप्रती जबाबदारी, ती मी मॅनेज करते. आई तांदूळ पाखडत होती. म्हणाली, "म्हंजे जबाबदारी कंपनीची न धावपळ तुझी." इतकं नेमकं वर्णन आमच्या एचआरलाही जमलं नाही.

*

पहिलं काम वृक्षारोपण. मोठे साहेब परदेशातून मे महिन्यातच येत, म्हणून वृक्षारोपणही मे महिन्यात! मुरबाड तालुक्यात, धसईच्या पुढे एक वाडी आहे, तिथे भर उन्हात टाय लावून साहेब खड्ड्यापाशी उभे. वाडीतले म्हातारे बुधाजी काका बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"साहेब, रोप लावाया आणलाय का पुराया?"

साहेबांनी मला विचारलं, "काय म्हणतायत?"

मी म्हटलं, "शुभेच्छा देतायत."

*

मग त्याच वाडीच्या शाळेला आम्ही कॉम्प्युटर दिले. उद्घाटन जानेवारीत ठेवलं. भातकापणी उरकलेली, माणसं मोकळी असणार, असा माझा अंदाज. दोनशे खुर्च्या मांडल्या आणि माणूस नाही! वाडीतल्या लोकांना स्वतःची जमीन नाही. दिवाळी झाली की ते पोराबाळांसकट कल्याणकडे वीटभट्टीवर जातात. हे मी लहानपणापासून बघत आले होते आणि साफ विसरले. आमच्या घरी भात होता, आम्हाला कधी जावं लागलं नाही. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

मोठे साहेब परदेशात, म्हणून आलेल्या आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं, "गाव कुठंय?"

शाळेचे गुरुजी शांतपणे म्हणाले, "भट्टीवर. पावसाच्या तोंडावर येईल."

*

पुढच्या दिवाळीआधी आम्ही ठरवलं, दहा पोरं शाळेतच ठेवायची. राहणं शाळेत, जेवण गुरुजींच्या बायकोच्या हातचं. दहाजणांच्या आईबापांपुढे मी हात जोडले. नऊ घरं कशीबशी तयार झाली. चौथीतल्या कमळीची आई सखू मात्र मान हलवत राहिली. एकुलती पोर. शेवटी म्हणाली, "ठेवते. पन मना ऱ्हावलं नाय तं घेऊन जाईन. मंग तुमी आडवायचं नाय."

मी शब्द दिला. कमळी एकदा भट्टीवर गेली की तिची शाळा सुटली, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

*

वाडीत लाईट यायची मनाला वाटेल तेव्हा. एका दुपारी मी गेले तर कमळी काळ्या स्क्रीनपुढे बसून खटाखटा टाइप करतेय.

"अगं, लाईट नाही. दिसतंय काय तुला?"

"लाईट आली का चुका दिसतात," ती म्हणाली आणि टाइप करत राहिली.

*

थोड्या दिवसांनी कमळीने आईला पत्र टाइप केलं. गुरुजींनी प्रिंट काढून दिली. परतताना मी भट्टीवर गेले. सखू कोपरापर्यंत चिखलात, विटा पाडत होती. तिला वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवलं. "आई, मी बरी हाय. माझा पयला नंबर आला. तू जेव."

सखूने कागद उलटसुलट करून बघितला. म्हणाली, "समदी अक्षरं सारखीच. ह्याच्यात माझी पोर कुठं हाय गो ताय? उद्या येते न तिला घेऊन जाते."

मी आठ दिवस मागून घेतले. कसे काढले ते माझं मला ठाऊक.

पुढच्या शनिवारी कमळीला सगळं सांगितलं. त्यांच्या वाडीत दिवाळीला तांदळाचं पीठ कालवून त्यात हात बुडवतात आणि कुडाच्या भिंतीवर पंजे उठवतात. तिने गुरुजींच्या बायकोकडून पीठ मागून घेतलं, कालवलं आणि वहीच्या खाकी कव्हरवर आपला पंजा उठवला. तो वाळेपर्यंत मी मांडीवर धरून बसले.

भट्टीवर सखूने आधी हात धुतले, लुगड्याला पुसले. मग पोरीच्या पंजावर आपला पंजा ठेवला आणि तशीच बसून राहिली.

"बोटं वाढली गो हिची," ती म्हणाली. डोळे पुसले. मग कागद जपून घडी न घालता उचलला.

"ऱ्हाऊ दे तिला शाळेत. पन दर शनवारी हात आनत जा."