वर्षभर न ऐकलेला आवाज

माझे पती हळद विकत घेणाऱ्या एका कंपनीत शेतकऱ्यांना सल्ला देण्याचं काम करत. आमचं गाव आणि शेजारचा तांडा यांच्यासाठी कंपनीचा एक फुकट नंबर होता. तो लावून बटण दाबलं की निरोप ऐकू येई: बेणं कसं निवडावं, पाणी कधी तोडावं, वाळवण कसं घालावं. सगळे निरोप त्यांच्याच आवाजातले. शिरड शहापूरकडे आमच्या गावात हळद शिजवायचे दिवस आले की शेतातल्या मोठ्या वाफेच्या कुकरभोवती बसलेली माणसं फोन स्पीकरवर टाकत. हळद शिजवायला त्यांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती. पण जाळापाशी तासन्‌तास बसायचं, तर ओळखीचा आवाज सोबतीला बरा वाटतो.

टाळेबंदीत ते निरोप घरूनच देऊ लागले. कंपनीचा नंबर लावायचा आणि बोलायचं. आवाज थेट तिकडे साठवला जाई, आमच्या फोनमध्ये काही उरत नसे. एकदा ते सांगत होते, "हळद शिजली का हे बघायला काडी टोचा." निरोप चालू आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी स्वयंपाकघरातून विचारलं, "चहा ठेवू का?"

"ठेव. आलोच मी," ते म्हणाले आणि त्याच दमात पुढे गेले, "काडी सहज आत गेली की जाळ काढा."

पुन्हा बोलायचा कंटाळा केला, आणि निरोप तसाच राहिला. मग काय, मी शाळेत शिकवायला निघाले की कुकरपाशी बसलेलं कुणीतरी हटकून विचारी, "वैनी, ठेवला का च्या? का अजून काडीच टोचून राहिलात?" शेजारचे म्हातारे भाऊ तर रोजच. मी लटकंच रागवायची.

ते गेले त्या वर्षी कुकर अजून लागायचे होते. छातीत कळ आली आणि हिंगोलीला पोचेपर्यंत सगळं संपलं.

त्यानंतर मी तो नंबर लावला नाही. धीर झाला नाही. मात्र आवाज तिथं आहे एवढं मनाशी धरून होते. काही पुस्तकं आपण पुन्हा उघडू शकत नाही, पण ती फडताळात आहेत म्हणून त्या घरात राहता येतं, तसं.

वर्षश्राद्ध झालं. एका दुपारी दार लावून घेतलं आणि नंबर लावला. शिजवणीचं बटण दाबलं. एक बाई बोलू लागली. स्वच्छ, बिनचूक, मध्ये कुठे श्वास न घेणारी. मशिनीचा आवाज होता. मी पुन्हा लावला. पुन्हा तीच.

कंपनीत फोन केला. तिकडची मुलगी भली होती. म्हणाली, "मॅडम, आपलं सगळं आता क्लाउडवर गेलंय. ऑफिसातलं जुनं मशीन बंद केलं."

"मग जुने निरोप?"

"जे वर्षभरात कुणीच ऐकले नव्हते, ते नेले नाहीत. नुसतं साठवून ठेवायलाही वीज लागते ना. पर्यावरणाचं धोरण आहे आपलं."

"आणि ते मशीन?"

"पुसून रिसायकलिंगला दिलं." मग ती म्हणाली, "सॉरी, मॅडम. कुणी एकदा जरी ऐकलं असतं ना, तर राहिलं असतं."

नंतर तिनं कंपनीचा पर्यावरण अहवाल पाठवला. मुखपृष्ठावर हिरवं पान. किती वीज वाचली, किती झाडं लावली, सगळं आत होतं. मी तो शेवटपर्यंत वाचला. मुलांना वर्गातले पंखे बंद करा म्हणून मीच रोज सांगते. त्या अहवालात खोटं काही सापडलं नाही. भांडायचं तरी कशाशी?

पण एक गोष्ट उमगेना. हंगाम तर झाला होता. कुकर लागले होते. मग एकानंही का ऐकलं नसेल?

भाऊंच्या शेतात हळद शिजत होती. तिथं जाऊन विचारलं. जाळाकडे बघतच ते म्हणाले,

"वैनी, तुमी याच रस्त्यानं जाता-येता. स्पीकर लावला अन् तुमच्या कानी पडला तर? आमी समद्यांनी ठरवलं, लावायचाच न्हाई म्हून. तांड्यावरच्यांनाबी सांगून आलतो मी. त्यांनीबी पाळलं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "काहून? काय झालं?"

मी सांगितलं. क्लाउड त्यांना कळलं नाही. पुसलं, हे कळलं. हातातली काडी त्यांनी खाली ठेवली. कुकरची वाफ फुसफुसत होती.

"आमाला ध्यानात हाय की," ते म्हणाले. "'ठेव. आलोच मी.' असंच व्हतं ना, वैनी? बराबर?"

मी "व्हय" म्हटलं. शब्द बरोबर होते. पण 'ठेव' म्हटल्यावर ते जरासे थांबले होते, आणि त्या थांबण्यात हसू होतं. घरी येऊन मी ते मनात म्हणून पाहिलं, पुन्हा पुन्हा. दर वेळी भाऊंचाच आवाज आला.