कुंकू लावलेला सांधा

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो माझ्या फुईचा, वडिलांच्या बहिणीचा. नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडून तिने मला शिकवलं. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मीच पहिला, त्यामुळे तिथला प्रत्येक माणूस विद्वान असतो असं मी बरीच वर्षं मानत होतो.

शेवटच्या वर्षी माझा प्रकल्प घर्षण-वेल्डिंगचा होता. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची एक कांडी गरगर फिरवायची, दुसरी तिच्यावर दाबायची. टोकं न वितळता मऊ होतात. मग फिरवणं थांबवून जोरात दाबलं की सांधा बसतो. टोकं मात्र स्वच्छ हवीत. मध्ये घाण राहिली तर सांधा दिसतो छान आणि ताणला की तुटतो.

आमच्या विभागप्रमुखांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. वर्गात ते हेच शिकवत. पण संस्थेचे अध्यक्ष यंत्र पाहायला आले, तेव्हा त्यांनी पूजा मांडली. मी घासून ठेवलेल्या कांड्या ताटात घेतल्या आणि तेलात कालवलेलं कुंकू नेमकं टोकांना फासलं.

"सर, जोडायचा भाग तोच आहे. पुसून घेतो."

"साहेबांसमोर कुंकू पुसतोस? घरी काही शिकवलं की थेट डोंगरातून उतरलास?"

बाकीचे प्राध्यापक हसले. या लोकांना हसायला विनोद लागत नाही, वरिष्ठ लागतो.

सांधा जुळला, टाळ्या पडल्या. "साहेब, कांडी तुटेल, सांधा नाही," प्रमुख म्हणाले. ताणचाचणीच्या यंत्रात सांधा खडूसारखा तुटला. तुटलेल्या तोंडावर जळक्या तेलाचा काळा डाग होता.

"पोराने नीट घासलं नसेल," प्रमुख लगेच म्हणाले, आणि तेच मी अहवालात लिहावं, मगच सही, असं ठरलं. मी लिहिलं: जोडण्यापूर्वी टोकांना तेल-कुंकू लावले होते. वाक्य वाचताना त्यांचा चेहरा दुखावलेल्या पुजाऱ्यासारखा झाला. सही झाली नाही.

त्या संध्याकाळी फुईला पत्र पाठवलं. शेजारची सून तिला वाचून दाखवते.

"फुई, पाया पडस. यंदा माझा निकाल लागणार नाही. चूक माझी, असं मीच लिहून द्यावं असं सरांना हवं होतं. चूक त्यांची होती, म्हणून लिहिलं नाही. गल्लीत कोणी विचारलं तर सांग, पोरगा नापास नाही, अडलाय. माझ्यामुळे तुला अजून एक हंगाम पथारीवर बसावं लागेल, याचंच वाईट वाटतं. बाकी कशाचं नाही."