हातावरचं दही

पुण्यात मी जर्मन शिकले आणि एम.ए.ला विषय काय घेतला, तर मध्ययुग सरतानाच्या जर्मन गोष्टींतला परका माणूस. आईनं कपाळाला हात लावला. "अगं, त्या मेलेल्या लोकांना परकं कोण वाटायचं, याचं तुला काय पडलंय?" पडलं होतं, झालं! पुढे लग्न होऊन कुवेतला आले. नवऱ्याची नोकरी अहमदीत, घर रुमैथियात, आणि मी घरबसल्या जर्मनच्या शिकवण्या घेते.

त्या गोष्टींत दूरदेशीचा माणूस बहुतेक दोनच तऱ्हांचा. एक तर कुत्र्याच्या तोंडाचा राक्षस, नाहीतर इतका उमदा सरदार की वाचणाऱ्याला आपल्याच लोकांची लाज वाटावी. मग त्याला शेवटी बाप्तिस्मा देऊन आपल्यात ओढायचं. तिसऱ्या मजल्यावर बसून कोथिंबीर निवडणारा परका मला काही सापडला नाही. मी इथे इतकी वर्षं तेच करतेय. शेजारच्या कुवेती बाई रमजानात ताट पाठवतात, मी दिवाळीला चकल्या देते. माया आहे हो, पण इकामा, म्हणजे राहायचा परवाना, संपला की मला निघायचंच आहे.

खरा हेवा वाटायचा तो त्या गोष्टींतल्या प्रवाशाचा. समुद्र ओलांडतो मेला, राक्षस बघतो, कैदेत पडतो आणि शेवटी बरोब्बर स्वतःच्या दारात हजर! दार तिथेच असतं. त्या दारासाठी मी वाचता वाचता रडलेय.

आमची लेक इथेच जन्मली, वाढली. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर. यंदा ती शिकायला जर्मनीला निघाली. भाषा मीच शिकवली, आता बोल कुणाला लावू? तिकडे जास्त राहिली की तिचा इथला इकामा रद्द. पुण्यात ती फक्त सुट्टीत जायची, तर मावसभावंडं 'कुवेतवाली आली' म्हणून चिडवायची. नवराही आता रिटायर व्हायला आलाय, आणि माझा इकामा त्याच्याच नोकरीवर.

ती निघाली त्या दिवशी नवरा बॅगा घेऊन खाली गेला. मी दह्याची वाटी घेऊन दारात उभी. आमच्याकडे प्रवासाला निघालेल्याच्या हातावर दही घालतात. ते खाऊन निघालं की माणूस सुखरूप परत येतं.

"आई, प्लीज! फ्लाइट!"

"गप बस. हात कर पुढे."

तिनं केला. मी दही घातलं, वर चिमूटभर साखर. "लवकर परत ये गं, बाळा."

ती दही खाईना. तळहात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. मग चक्क मराठीत म्हणाली, "आई, परत कुठे यायचं?"

परक्यांवर एवढं वाचलं, पण हा प्रश्न कुठे भेटला नव्हता.

"मी असेन तिथे ये," मी म्हटलं.

तिनं दही खाल्लं, मला मिठी मारली आणि लिफ्टमध्ये शिरली. मी कुठे असेन, ते तिनं विचारलं नाही. बरं झालं.