आजी, पाणी कोमट आहे ना?

प्यो चिलगूला आयुष्यातली पहिली सरकारी नोकरी लागली ती त्र्याहत्तराव्या वर्षी, आणि तीही स्वतःच्याच न्हाणीघरात. तिला सरकारी म्हणावं का, यावर वाद घालता येईल. पगार गावातलं वृद्धसेवा केंद्र द्यायचं, आणि केंद्राला पैसे सरकारी विमा द्यायचा. पण कोरियातल्या त्यांच्या होंगसाँग गावच्या बाजारात चिलगू छाती काढून 'सरकारी' म्हणूनच सांगायचा, आणि म्हाताऱ्याचा मूड कशाला घालवा म्हणून लोकही मान डोलवायचे.

चार वर्षांपूर्वी त्याच्या बायकोची, बोंगनिमची, उजवी बाजू गेली. जीभही तिरकी झाली. भातगिरणीत जन्मभर पट्टे बदलणारा आणि यंत्रांना शिव्या घालणारा हा गडी तेव्हापासून तिला उचलू लागला, भरवू लागला, न्हाऊ घालू लागला. अर्थात फुकट, आणि अर्थात आरडाओरडा करत. तो तिच्या डोळ्यात साबण घालायचा, ती तिरक्या जिभेनं त्याच्या सात पिढ्या काढायची. मग तिच्या भावानं बुडवलेल्या पर्सिमन फळांच्या बागेचा विषय निघायचा. शेजाऱ्यांना कॅलेंडर बघावं लागत नसे. भांडण ऐकू आलं की आज बोंगनिमचं न्हाणं, एवढं त्यांना कळायचं.

मग एके दिवशी सुनेचा फोन आला.

"बाबा, तुम्ही आईंचं जे करता ना, त्याचा पगार मिळतो. फक्त प्रमाणपत्र पाहिजे."

"माझ्या बायकोला आंघोळ घालायला मला प्रमाणपत्र लागतं?"

"हो."

"लग्नाचं चालणार नाही?"

नाही चालणार म्हणाली. मग काय करतो, गेला बिचारा शिकायला. वर्गात सगळ्या बायका आणि हा एकटा बाप्या. सरावाला रबरी बाहुली होती, तिला पलंगावरून खुर्चीत बसवायचं. चिलगूनं तिला काखेत धरली आणि सवयीनं खेकसला, "अंग जरा हलकं सोड की, पोतं झालीयेस नुसती."

"प्यो सर," शिकवणाऱ्या बाई थंडपणे म्हणाल्या, "या आजींना मान आहे. आधी हाक मारा, मग विचारा, मग हात लावा. आणि आवाज खाली."

त्यानं बाहुलीची माफी मागितली. पहिल्या परीक्षेत नापास झाला तो बहुतेक याच स्वभावापायी. दुसऱ्या वेळी मात्र हट्टाला पेटला आणि घासून घासून पास झाला. प्रमाणपत्र टीव्हीच्या वर टांगलं, आणि लग्नाचा फोटो काढून कपाटात ठेवला, कारण खिळा एकच होता.

कामाची वेळ रोज दीड तास. दाराजवळ केंद्रानं एक चकती चिकटवली होती. तिला फोन टेकवला की 'टुंग' वाजायचं आणि नवरा संपून नोकर सुरू व्हायचा.

"आजी, मी प्यो. आज तुमच्या सेवेला आलोय."

"आलोय म्हणजे? तुम्ही सकाळपासून इथेच लोळताय."

पहिले काही दिवस बोंगनिमची नुसती चंगळ. नियमच असा होता की त्या दीड तासात काम करायचं ते आजारी माणसाचंच, घरातल्या दुसऱ्या कुणाचं नाही. दुसरा कुणी म्हणजे तो स्वतः. त्यानं तिच्यासाठी समुद्री शेवाळाचं सूप केलं की ती त्याच्या डोळ्यांदेखत भुरके मारत अख्खं पातेलं संपवायची. कपडे धुताना त्याचे मोजे वेचून बाहेर काढायची.

"हे कुणाचे? परक्याचे दिसतात. ठेवा बाजूला, प्यो सर."

पन्नास वर्षांत तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, 'संगूचे बाबा' म्हणूनच हाक मारली होती. आता दिवसातून वीस वेळा 'प्यो सर' म्हणताना तिला गुदगुल्या व्हायच्या. पण चिलगूचं काय झालं, तर त्या नोकरीची त्याला गोडी लागली. जन्मात कुणी त्याला सर म्हटलं नव्हतं. टुंग वाजून काम संपलं तरी तो आवाज खालीच ठेवायचा. जेवताना आजी, टीव्ही बघताना आजी. हळूहळू बोंगनिमची थट्टा आटली. ती गप्प गप्प राहू लागली, आणि हा शहाणा समजला की आपली सेवा इतकी उत्तम की बाईला तक्रारीला जागाच उरली नाही.

अशात केंद्रातल्या हेवॉन मॅडम पाहणीला आल्या. आजींचं मत एकांतात घ्यायचं आणि ते वाईट आलं तर माणूस बदलायचा, अशी त्यांची पद्धत. चिलगूनं घर चकाचक केलं होतं. बाहेर थांबा म्हटल्यावर तो किमचीच्या, म्हणजे लोणच्याच्या, फ्रिजमागे जाऊन उभा राहिला. तिथून सगळं ऐकू येतं.

"आजी, कसं वाटतंय काम?"

"माणूस बदलून द्या," बोंगनिम म्हणाली.

फ्रिजमागे चिलगूच्या पायाखालची जमीनच सरकली.

"का हो? रागावतात का? हात उगारतात?"

"अजिबात नाही. तेच तर दुखणं आहे." तिची जीभ रागात नेहमी सरळ चालायची. "मॅडम, दवाखान्यात मला बोलायला शिकवायला एक पोरगी होती. चित्रं दाखवायची, सफरचंद म्हणा, टोपी म्हणा. मला काही येईना. पुढे या माणसानं माझ्या भावाला चोर म्हटलं, आणि मला एकदम अख्खं वाक्य आलं. यांच्याशी भांडून भांडून मी बोलायला लागले. आणि आता काय, 'आजी, पाणी कोमट आहे ना? आजी, हात उचलू का?' मी यांच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे. दिवसभर घरात नर्स फिरते, नवरा कुठे दिसतच नाही. पगार तुमचा, नोकर तुमचा, तो घेऊन जा. माझा माणूस मला परत द्या."

चिलगूला राहवलं नाही. तो बाहेर आला.

"मूर्ख बाई, या वयात परीक्षा दिली मी तुझ्यासाठी. रबरी बाहुलीच्या पाया पडलो. आणि तू मला काढून टाकतेस? तुझा भाऊ चोर होता, चोर म्हणूनच मरणार."

"तुमचा बाप चोर," बोंगनिम म्हणाली, आणि किती दिवसांनी तिचा चेहरा फुलला.

मॅडमनी दोघांकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि हे बोलणं नियमात बसत नाही असं सांगितलं. चिलगूची नोकरी गेली.

त्याला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पगार गेला, मान गेला, बाजारात तोंड दाखवायची पंचाईत झाली. त्याच्या जागी योम बाई आल्या, मनगटं पैलवानासारखी, बोलणं साखरेसारखं. त्या असेपर्यंत चिलगूला घरात काम नसायचं. तो ओट्यावर बसून आतल्या पाण्याचा आवाज ऐकायचा. आत कुणी ओरडत नव्हतं. बाई काम चांगलं करत होत्या, हे त्याला कळत होतं, आणि म्हणूनच जास्त लागत होतं. आपली गरजच संपली, असं त्याच्या मनानं घेतलं.

पहिल्या न्हाण्याच्या दिवशी योम बाई गेल्यावर तो आत आला. बोंगनिम खुर्चीत बसली होती. केस ओले, नीट विंचरलेले, साबणाचा वास येत होता.

"छान धुतलेत," तो खाली मान घालून म्हणाला.

"डोळ्यात थेंब गेला नाही," ती म्हणाली.

"मग झालं तर."

"झालं काय? एक शब्द बोलली नाही ती बया. मी भावाचा विषय काढला तर म्हणते, 'वा, छान.' पाणी तापवा."

"आत्ताच धुतलेत ना?"

"परत धुवायचेत."

"ओलेत अजून. सर्दी होईल. डोकं फिरलंय का तुझं?"

"तापवताय की नाही, संगूचे बाबा?"

तो पुटपुटत, पाय आपटत गेला आणि पाणी तापवून घेऊन आला. धुतलेले केस त्यानं पुन्हा धुवायला घेतले, आणि चौथ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात बोंगनिम ओरडली, की मेल्या, डोळ्यात साबण घातलास.